करिझ्मा २००६ : पत्र्याच्या शेडमधल्या नोंदी

९ मार्च २०२५, रविवार, अमळनेर

गाडी काल पारोळ्याहून छोट्या हत्तीत घालून आणली. हिरो होंडा करिझ्मा, नोंदणी जून २००६ ची, नंबर एमएच-१९, मीटरवर ५८ हजार आणि काही. मेव्हण्याच्या खळ्यात कपाशीच्या गोण्यांमागे चारेक वर्षं उभी होती. किमतीचं काही ठरलेलं नाही. “दाजी, आधी चालू तर करा, मग बोलू,” एवढंच तो म्हणाला. गाडी आता माझ्याच गळ्यात पडणार हे त्याने धरलेलं आहे.

कागदावरची गाडी अशी: २२३ सीसी, एकच सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५.५ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६६.२ मिमी, हवेवर थंड होणारं इंजिन, ७,००० आरपीएमला साधारण १७ पीएस. टाकी १५ लिटरची. पुढे २७६ मिमीची डिस्क, मागे ड्रम. किक नाही, फक्त सेल्फ. २००३ मध्ये हे मॉडेल आलं तेव्हा धुळ्या-जळगावात कॉलेजबाहेर एखादी दिसली तरी पोरं चहा सोडून बघायला उठायची. आजच्या दीडशे सीसीच्या काही गाड्या ताकदीत तिच्या बरोबरीच्या आहेत, पण महामार्गावर नव्वदला ती ज्या निवांतपणे चालते तो निवांतपणा त्यांच्यात मला अजून सापडलेला नाही.

आज काहीच खोललं नाही. वही आणि टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरलो. लोखंड बरंच शाबूत आहे. टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवलं, पिस्टन वरखाली होताना नीट कळतो, कुठे अडकत नाही. चेसिसवरचा गंज वरवरचा. पण जिथे जिथे रबर आहे तिथे नख रुतत नाही: पेट्रोलचा पाइप, कार्बुरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) आणि हेडमधलं रबर, टायरच्या कडा, ब्रेकचा होज, फोर्कवरचे डस्ट सील. आपल्याकडे मार्च ते जून पत्र्याखाली जे तापमान असतं त्यात लोखंडाला काही होत नाही, रबर मात्र भाजून निघतं. आणि या गाडीचं रबर एकोणीस उन्हाळे जुनं आहे. त्यामुळे इंजिनाकडे सगळ्यात शेवटी वळायचं ठरवलं.

आमचे अण्णा शेडमध्ये डोकावून गेले. “इतला पैसामा नवी गाडी येती.” अजून एक रुपया लागलेला नाही, पण त्यांना अंदाज असतो.

११ मार्च, मंगळवार

टायर. नक्षी खोल दिसते म्हणून मेव्हणा म्हणत होता, “टायर तर नवेच शेत,” म्हणजे नवेच आहेत. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे ३४१४ आहे, म्हणजे २०१४ चा चौतिसावा आठवडा. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा, वाकवल्यावर उघडतात. दोन्ही टायर भंगारात.

नवे त्याच मापाचे घेतले, पुढे २.७५-१८, मागे १००/९०-१८. दुकानदार मागे जाड टायर घाला म्हणत होता, “गाडी भारी दिखी.” त्याच अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो मध्ये फुगतो, वळणावर गाडी झुकायला कुरकुरते आणि ॲव्हरेजही जातं. दिसण्यापुरतं भारी. घेताना तारखेचा कोड बघून घेतला, दुकानातही दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल असतोच.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

सगळे रंगात, शेडमध्ये शांतता. पुढचा ब्रेक काढला.

तक्रार अशी होती की गाडी ढकलताना पुढचं चाक जड लागतं आणि लिव्हर दाबून सोडल्यावर तर जवळजवळ अडकतं. यावर आपल्याकडचा उपाय ठरलेला: कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) खोला, पॉलिश पेपर मारा, पेट्रोलने धुवा, ग्रीस लावा, बसवा. महिनाभर चालतं आणि पुन्हा तेच.

डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते, हे इथे मुळात समजून घ्यावं लागतं. पिस्टनभोवती एका खाचेत चौकोनी छेदाची रबरी रिंग बसलेली असते. लिव्हर दाबली की पिस्टन पुढे सरकतो आणि रबर त्याला धरून असल्यामुळे किंचित पिळलं जातं. लिव्हर सोडली की रबर आपल्या मूळ आकारात येतं आणि येताना पिस्टनला केसभर मागे खेचतं. पॅड डिस्कपासून सुटतो तो या केसभराने. रबर कडक झालं की पिळलं जात नाही, पिस्टन रबरावरून नुसता घसरतो आणि जिथे गेला तिथेच राहतो. म्हणजे ब्रेक लागतो, सुटत नाही.

पिस्टन बाहेर काढायला कॉम्प्रेसरची हवा वापरली नाही. बोट मध्ये असेल तर पिस्टन बंदुकीसारखा सुटतो. लिव्हर हळूहळू दाबत राहिलो, ऑइलच्या दाबानेच तो बाहेर आला. मग जुनी रिंग सुईने उचलली. वाकवली तर काडकन तुटली. खाचेच्या तळाशी तपकिरी-पांढरा खडा जमला होता, खारट मातीसारखा. हाच खडा नव्या रिंगलाही खालून उचलून धरतो, आणि पॉलिश पेपर तिथपर्यंत पोचत नाही. बांबूची काडी तासून, खाचेला ओरखडा न येऊ देता, सगळा कोरून काढला. एका खाचेला अर्धा तास गेला.

पेट्रोल आणि साधं ग्रीस इथे का नको: ब्रेकची रबरं ब्रेक ऑइलमध्ये टिकतील अशी बनवलेली असतात, खनिज तेल लागलं की ती फुगतात. नव्या रिंगांना बसवताना ताजं ब्रेक ऑइलच लावलं. होज बदलला. मास्टर सिलिंडरचं किटही बदललं. जुनं ब्रेक ऑइल गुळाच्या पाकाच्या रंगाचं निघालं. ते हवेतलं पाणी शोषत राहतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर मानकाप्रमाणे ही मर्यादा १५५ वर येते. घाटाच्या उतारावर हा फरक कळतो. दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो. वहीच्या पुठ्ठ्यावर तारीख लिहून ठेवली.

संध्याकाळी चाक एका बोटाने फिरलं.

२३ मार्च, रविवार

टाकी. झाकण उघडल्यावर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. पेट्रोलचा कॉक काढला, त्याची जाळी गंजाच्या भुकटीने बुजलेली. टाकीत चेन किंवा खडी टाकून हलवायचा प्रकार मी करत नाही, पत्रा आधीच पातळ झालेला असतो. किराणा दुकानातून लिंबूफूल आणलं, गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी पाणी काळपट-हिरवं, आतला पत्रा राखाडी. मग लगेच खायच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून, उन्हात तोंड खाली करून वाळवली. आपलं ऊन या एका कामाला फार उपयोगी. वाळल्याबरोबर थोडं तेल आत फिरवलं, नाहीतर उघडा पडलेला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो.

पेट्रोलचे पाइप सगळे नवे.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

पुरणपोळी खाऊन गाडी चालू केली. नवी बॅटरी, नवा प्लग, स्वच्छ पेट्रोल. चोक ओढला, सेल्फ दाबला, थोडं खोकली आणि धरलं. आयडलिंगला घड्याळासारखी. हळूहळू रेस वाढवली तर ठीक. पण रस्त्यावर ॲक्सिलरेटरला अर्ध्याच्या पुढे पीळ दिला की गुदमरते. चार हजाराच्या वर जात नाही, उलट पीळ कमी केला की जरा पळते.

गल्लीच्या तोंडावरच्या मिस्त्रींनी एक चक्कर मारली. हात अनुभवी आहे, त्यांच्याकडून मी बरंच शिकलोय. पण निदान एका वाक्यात: “भाऊ, बोअर गया शे. इंजिन खोलनं पडी.” म्हणजे सिलिंडर झिजलाय, इंजिन खोलावं लागेल. ब्लॉक, पिस्टन, रिंग, हेडचं काम धरून त्यांनी जो आकडा सांगितला तो अण्णांसमोर उच्चारण्यासारखा नाही.

३ एप्रिल, गुरुवार

बोअर गेला की नाही हे इंजिन न खोलताही कळतं. ओळखीच्या गॅरेजमधून कॉम्प्रेशन गेज आणला. प्लगच्या जागी लावला, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सेल्फ मारला, आकडा लिहिला. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मारला. रिंगा झिजल्या असतील तर ऑइल तात्पुरती फट बुजवतं आणि आकडा एकदम चढतो. इथे काटा जेमतेम हलला. रिंगा ठीक. शिवाय सायलेन्सरमधून निळा धूर नाही, आणि बोअर गेलेली गाडी आयडलिंगला इतकी शांत उभी राहत नाही.

मग मोर्चा कार्बुरेटरकडे. करिझ्माचा कार्बुरेटर सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी) प्रकारचा, आणि गोम इथेच आहे. जुन्या साध्या कार्बुरेटरमध्ये ॲक्सिलरेटरची केबल थेट स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारा सरकता दट्ट्या, वर उचलते. सीव्हीमध्ये केबल फक्त बटरफ्लायची चकती फिरवते. स्लाइड उचलते ती इंजिनाची ओढ: वर एक पातळ रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, त्याच्या वरच्या खोलीत निर्वात तयार होतो आणि स्लाइड सुईसकट वर सरकते. इंजिन मागेल तेवढीच वाट उघडते, म्हणून अशा गाड्या पीळ एकदम दिला तरी झटका देत नाहीत. पण डायफ्रामला भोक पडलं की निर्वात टिकत नाही, चकती पूर्ण उघडी आणि स्लाइड मात्र खालीच. आयडलिंगला काही फरक नाही, कारण तिथे स्लाइडचं काम नसतं. रोग बरोबर आपल्या गाडीसारखा.

वरचं झाकण काढलं, स्लाइड बाहेर घेतली. वरवर पाहता पडदा धड. अंधारात मोबाइलचा टॉर्च त्याच्या खाली धरला आणि बोटाने पडदा हळूच ताणत गोल फिरवला. घडीच्या कडेला, स्लाइडला जिथे चिकटतो तिथे, नखाएवढी चीर आणि तिच्या शेजारी सुईच्या टोकाएवढी दोन भोकं, चांदण्या. ताण सोडला की मिटून जातात, म्हणून दिवसा उघड्यावर बघून कुणालाच दिसलं नसतं.

मिस्त्रींना नेऊन दाखवलं. त्यांनी पडदा उजेडाला धरला, बराच वेळ बघितला. “बरं व्हयनं, खोलं नही.” (बरं झालं, खोललं नाही.) मग चहा.

डायफ्राम सुटा मिळत नाही, स्लाइडसकट घ्यावा लागतो. जळगावात विचारलं, धुळ्याला आग्रा रोडवर विचारलं. एकाने डुप्लिकेट दाखवला, त्याचा पडदा मूळच्या दुप्पट जाड. जाड पडदा ओढीला उशिरा उचलतो, नको म्हटलं. ऑर्डर टाकली आहे.

१३ एप्रिल, रविवार

भाग येईपर्यंत टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. मॅन्युअल सांगतं की टॅपेट थंड इंजिनावर सेट करा, आणि होंडाच्या पुस्तकांत थंड म्हणजे ३५ अंशांच्या खाली. जपानमध्ये बसून लिहायला काय जातंय! इथे एप्रिलमध्ये शेडमधली गाडी न चालवताही दुपारी पस्तिशीच्या कितीतरी वर असते. म्हणून पहाटे साडेपाचला उठलो, इंजिनाला हात लावला तर गार. पिस्टन सगळ्यात वर आल्याची फ्लायव्हीलवरची टी खूण खिडकीत आणली आणि दोन्ही रॉकर बोटाने हलतात याची खात्री केली. हलत नसतील तर पिस्टन वर असूनही तो एक्झॉस्ट स्ट्रोकचा शेवट असतो, तेव्हा आणखी एक फेरा द्यायचा. फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पट्टी मापाची घालून, किंचित ओढ लागेल इतपत. एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट निघाला.

घट्ट टॅपेट आवाज करत नाही, म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. सैल असला की टकटक करतो आणि लोक लगेच गॅरेजला नेतात. खरा धोका घट्टचा: व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि तो जळतो. टॅपेट थोडे वाजत असतील तर माझी काही हरकत नसते.

२० एप्रिल, रविवार

स्लाइड आली, अस्सल. पडद्याच्या कडेची गोल किनार खाचेत नीट बसली पाहिजे. चिमटली की नव्या पडद्यालाही चीर. कार्बुरेटर आणि हेडमधलं रबरही नवं घातलं. गाडी चार हजार ओलांडून वर गेली आणि तशीच जात राहिली. धरणगाव रस्त्यावर एका जागी पूर्ण पीळ दिला. पुरे.

एवढ्यावर थांबलो नाही, कारण पेट्रोल बदललंय. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि आता इथल्या पंपावर तेच मिळतं. याचे दोन वेगळे परिणाम आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिला रबराचा: इथेनॉल जुन्या साध्या रबराला फुगवतं किंवा कडक करतं. म्हणून फ्लोट चेंबरची (कार्बुरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीची) आणि ड्रेनची ओ-रिंग विटॉन या पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची घातली, पेट्रोलचा पाइपही इथेनॉल चालणारा शोधतोय. दुसरा मिश्रणाचा. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवा १४.७ भाग लागते, या २० टक्केवाल्याला साधारण १३.५. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बुरेटरला डोळे नाहीत. तो २००६ मध्ये ठरलेल्या भोकातून तेवढंच सोडतो, म्हणजे मिश्रण पातळ, म्हणजे इंजिन जास्त गरम, आणि तेही आपल्या उन्हात. मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक नंबर मोठा घातला, आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा पायलटचा स्क्रू थोडा उघडला. दहा-बारा किलोमीटर पळवून, इंजिन तिथेच बंद करून प्लग काढला. आधी पांढरट होता, आता भुरा.

आणखी एक: गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून फ्लोट चेंबर रिकामा करायचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी आधी तळाशी, जेटच्याच तोंडाशी बसतं.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी (अक्षय्य तृतीया)

बहिणी माहेरी, घर भरलेलं, झोके बांधलेले. काम नाही. भाच्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारून विचारलं, “मामा, हाई कितली पयस?” (ही किती पळते?) त्याला मागे बसवून गावाबाहेर नेला. येताना टपरीवर थांबलो आणि परत सेल्फ दाबला तर नुसती टिकटिक. नवी बॅटरी, महिन्याभरात मेली. किक नसलेल्या गाडीला उतार शोधावा लागतो आणि अमळनेरात उतार कुठून आणायचा! भाच्याने ढकलली. पोराचा करिझ्माबद्दलचा आदर निम्मा झाला असावा.

४ मे, रविवार

चार्जिंग. बॅटरी बदलून दिली तर पुढच्या महिन्यात तीही जाईल, म्हणून दुकानात न जाता मल्टिमीटर काढला. बॅटरी रात्रभर चार्ज केली, बंद गाडीत १२.७ व्होल्ट. इंजिन ४,००० वर, हेडलाइट चालू: १३.१. यायला हवेत १४ ते १४.५.

यावर सरसकट ‘आरआर युनिट (बॅटरी चार्ज करणारा रेग्युलेटर) गेलं’ म्हणतात आणि नवं बसवतात. मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवरून उचलून रेग्युलेटरच्याच हिरव्या वायरीवर लावली, लाल पिन त्याच्याच लाल वायरीवर. होंडाच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे अर्थ, हे एक लक्षात ठेवलं तरी अर्धा गोंधळ मिटतो. तिथे १४.१. युनिट बिचारं आपलं काम करतंय, वाटेत एक व्होल्ट कुणीतरी खातंय. मग एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी रेग्युलेटरच्या लालवर: ०.१. ठीक. एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी हिरवीवर: ०.९. चोर अर्थच्या वाटेवर.

सीटखाली वायरिंग उकललं. पूर्वी कुणीतरी म्युझिकल हॉर्न की कसलंसं जोडण्यासाठी हिरवी वायर कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळली होती. टेपचा गोंद उन्हाळ्याउन्हाळ्यात वितळून डांबर झालेला. आतली तांब्याची तार हिरवट-काळी, अर्ध्या तारा तुटलेल्या. जवळच्या कनेक्टरचं प्लास्टिक तपकिरी, एक पिन भाजलेली. हा जोड गरम होत होता आणि गरम झाला की त्याचा अडथळा आणखी वाढत होता, म्हणून सकाळी गाडी बरी आणि दुपारी मेलेली.

खराब भाग कापून नवा तुकडा झाळून घेतला, वर हीट श्रिंकची नळी. कनेक्टर नवा. शिवाय रेग्युलेटरच्या अर्थपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक स्वतंत्र जाड वायर टाकली, खर्च चहा-भज्यांएवढा. आता ४,००० वर १४.०. काळी टेप शेडमधूनच हद्दपार केली.

१८ मे, रविवार

अवकाळीने दुपार गार केली. केळीवाल्यांचं मात्र रडणं आहे, रावेर-यावलकडे बागा आडव्या झाल्याच्या बातम्या.

कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलला. हँडल सरळ धरलं की मधोमध एक खाच लागायची, गाडी त्या खाचेत पडून राहायची आणि पारोळा रस्त्यावर सत्तरच्या पुढे उगाच हलायची. जुन्या वाटीत गोळ्यांचे छाप स्पष्ट उमटलेले. फोर्कचे सील बदलले. दोन्ही पायांत ऑइल मोजून सारखं.

इंजिन ऑइल. गावात सल्ला असा की आपल्या उन्हात जाड २०-५० टाका. मी कंपनीने सांगितलेलं १०-३० च ठेवलं. दुसरा आकडा तापलेल्या ऑइलचा दाटपणा सांगतो, हे खरं. पण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात ऑइलनेच उष्णता वाहून न्यायची असते आणि दाट ऑइल सावकाश फिरतं. त्यापेक्षा बदलायचं अंतर कमी केलं. डब्यावर जासो एमए, म्हणजे मोटरसायकलच्या ऑइलचं मानक, आहे ना हे मात्र बघायचं. आपल्या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या ऑइलने तो घसरतो.

चेन डिझेलने धुतली. रॉकेल आता मिळतं कुठे? काळ्या मातीची धूळ आणि ऑइल मिळून चेनवर जी चिखली बसते ती पॉलिश पेपरचंच काम करते, म्हणून ऑइल लावून अर्ध्या तासाने कापडाने पुसून काढायचं. चेन वरून कोरडी दिसली तरी चालेल.

१५ जून, रविवार

कागद. गाडी माझ्या नावावर करायला टाकली. मेव्हण्याने शेवटी किंमत सांगितली, बायकोने ती निम्मी केली, भावाबहिणीचा मामला. एचएसआरपी पाटी बसवली, दुचाकीला ४५० रुपये आणि वर जीएसटी. विमा, पीयूसी. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड मर्यादेत. मेन जेट मोठा केल्याने वाढेल अशी धास्ती होती, पण ती तपासणी आयडलिंगला होते.

३ ऑगस्ट, रविवार, कानबाई

आमच्या खानदेशातला कानबाई देवीचा सण, रोटांच्या नैवेद्याचा दिवस. गाडी पीठगिरणी, नारळ, पाहुणे यांतच फिरली. अशा दिवशी ती खरी तपासली जाते: दर पाच मिनिटांनी बंद-चालू, उकाडा, गर्दी. सेल्फ एकदाही अडला नाही. अण्णा मागे बसून मंदिरात गेले आणि काही बोलले नाहीत.

१७ ऑगस्ट, रविवार

तोरणमाळ. तापी ओलांडून चोपडा, तिथून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने शिरपूर, शहादा. सोबत मिस्त्रींचा पोरगा त्याच्या नव्या दोनशे सीसीवर. शिरपूरपर्यंत खड्डे चुकवण्यातच वेळ गेला, त्याबाबत दोन्ही गाड्या समान.

सातपायरीचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर. करिझ्माला कमी आरपीएमवर ओढ चांगली, म्हणून वळणातून निघताना गिअर पाडावा लागत नाही, पोरगा मात्र सारखा खालीवर. वरच्या सरळ रस्त्यावर तो पुढे निघून गेला, जाऊ दिला. तोरणमाळ अकराशे मीटरच्या वर आहे. तिथे हवा विरळ म्हणून मिश्रण जाड होतं, यशवंत तलावापाशी प्लग काढून बघितला तर खाली होता त्यापेक्षा काळसर. सीव्ही कार्बुरेटर थोडं सांभाळून घेतो, पूर्ण नाही. वर राहायचं असतं तर जेट बदलला असता.

उतरताना दाट धुकं, रस्ता ओला. दोन्ही ब्रेक हलके, बाकी इंजिनावर. तळाशी उतरून डिस्कजवळ हात नेला, गरम पण जळका वास नाही, आणि लिव्हर पहिल्या वळणाला जिथे लागत होती तिथेच लागत होती. चाक उचलून फिरवलं. मोकळं.

जेवण शहाद्याला, शेवभाजी. पोरगा म्हणाला, “काका, हाई गाडी इकशात का?” (विकाल का?) बापाला विचार म्हटलं.

२४ ऑगस्ट, रविवार

या आठवड्यात नवा नियम आला: २० वर्षांवरच्या दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी २,००० रुपये, आतापर्यंत १,००० होती. गाडीची नोंदणी २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी वाढवलेली आहे, म्हणजे पुढच्या जूनमध्ये संपेल आणि तेव्हाच गाडीला २० पूर्ण होतील. तारखेच्या आधीच अर्ज करायचा. उशिराचा दंड दर महिन्याला ३०० रुपये चढतो.

१४ सप्टेंबर, रविवार

ऑइल बदललं, चेन ताणली, टॅपेट बघितले, हलले नाहीत. कॉक ते कार्बुरेटर हा मार्चमध्ये घातलेला साधा पाइप दोन्ही टोकांना कडक झालाय आणि क्लिपखाली ओलसर दिसतो. सहा महिने. डायफ्राम पुन्हा टॉर्चवर धरला, स्वच्छ. इथेनॉल चालणारा पाइप नाशिकहून अखेर मिळाला, एक मीटर. लागतो वीतभर. उरलेला मिस्त्रींना देऊन टाकणार होतो, पण त्यांच्याकडे पेट्रोल गळणाऱ्या गाड्या रांगेत आहेत, ते म्हणाले आणखी दहा मीटर मागव. उद्या फोन करायचा.